मदत हवी आहे: स्विफ्टची डिकी बदलताना वायरिंग रबरात अडकलंय

गाडी २०१५ ची स्विफ्ट झेडडीआय. रिव्हर्स घेताना डिकी खांबावर आपटली. लॉकजवळचा पत्रा इतका आत गेलाय की ठोकून सरळ होणार नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून काचेसकट दुसरी डिकी आणली. तिचं वायरिंग विकणाऱ्याने कापून घेतलंय, म्हणून जुनंच घालायचंय. आत राहिलेल्या तुकड्यांना बांधून नव्या डिकीतून सुतळी ओवून ठेवली आहे, तेवढं एक बरं झालं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आहे. वायपर मोटर, लॉक, डिफॉगर, नंबर प्लेटचा दिवा, सगळे कनेक्टर सुटले. पण बिजागरीजवळच्या रबरी नळीतून मोटरचा कनेक्टर काही केल्या बाहेर येत नाही. साबणाचं पाणी लावून पाहिलं, रबर फाटेल असं वाटतंय. वायर कापून जोड द्यायचा नाही. डिकी उघड-बंद होताना वायर नेमक्या तिथेच वाकतात.

फोटो काढून कनेक्टरच्या पिना सोडवू, की छताच्या बाजूला या वायरिंगचा वेगळा कनेक्टर असतो? असल्यास छताचं कापड न चुरगाळता तिथवर हात कसा पोहोचवायचा?