मदत हवी आहे: आलेखाची रेघ उत्तराशी जुळत नाही

पेन्सिलटोक: स्लोप (रेघेचा चढ) बरोबर, इंटरसेप्ट (रेघ अक्षाला छेदते तो बिंदू) बरोबर, तरी माझी रेघ पुस्तकातल्या उत्तरापेक्षा जास्त उभी येते. खोडून खोडून कागद फाटायला आलाय. उद्या चाचणी आहे, पटकन सांगा.

निळीशाई: आधी समीकरण तरी द्या.

सरळसोट: समीकरण कुठलंही असो, स्लोपच्या नादी लागूच नका. क्ष शून्य ठेवून य काढा, य शून्य ठेवून क्ष काढा, दोन बिंदू जोडा. वर्षानुवर्षं हेच शिकवतोय.

काटकोन: आणि य = २क्ष आलं तर? दोन्ही इंटरसेप्ट आरंभबिंदूतच. एका बिंदूवरून कुठली रेघ ओढणार?

सरळसोट: मग क्ष = १ ठेवून आणखी एक बिंदू काढायचा. तेवढ्यासाठी अख्खी पद्धत मोडीत कशाला काढायची?

पेन्सिलटोक: भांडू नका प्लीज. २क्ष − ३य = १२ आहे. त्याचं य = (२/३)क्ष − ४ केलं. −४ वर बिंदू दिला, तिथून ३ घरं उजवीकडे, २ घरं वर.

संध्यारंग: क्ष = ५ सारख्या उभ्या रेषेला स्लोप काढता येत नाही, भागाकारात खाली शून्य येतो. हे नीट लक्षात ठेवा.

निळीशाई: उभ्या रेषेचं कुणी विचारलेलं नाही हो. पेन्सिलटोक, अक्षांवर प्रमाण काय घेतलंय?

पेन्सिलटोक: नेहमीचंच. क्ष-अक्षावर १ घर = १ एकक, य-अक्षावर १ घर = २ एकक.

निळीशाई: मग तुमची रेघ क्ष-अक्षाला ३ वर छेदत असणार. −४ म्हणजे अक्षाच्या खाली २ घरं, तिथून २ घरं वर गेलात की थेट अक्षावरच. पण ती २ घरं म्हणजे ४ एककं, म्हणून स्लोप ४/३ झाला. घरं नका मोजू, एककं मोजा. ३ घरं उजवीकडे, १ घर वर: (३, −२). पुन्हा तसंच: (६, ०). ताळा करा, २×६ − ३×० = १२.

सरळसोट: माझ्या पद्धतीनं (०, −४) आणि (६, ०) दोन ओळींत आले असते.

ढगफुटी: जिओजेब्रा या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये समीकरण टाका, रेघ आपोआप येते.

काटकोन: चाचणीत कोण देणार आहे जिओजेब्रा?

पेन्सिलटोक: हो, ३ वरच छेदत होती! आता जुळली. पुढच्या गणितात स्लोप −३/२ आहे. मायनससाठी खाली जायचं की डावीकडे?

निळीशाई: दोन्हींपैकी एकच. ३ एककं खाली नि २ उजवीकडे, नाहीतर ३ वर नि २ डावीकडे. रेघ तीच येते. खाली आणि डावीकडे दोन्ही गेलात तर स्लोप धन होईल.