प्रकाशसंवेदकासाठी पॉलिमर : बँडगॅप कमी केला की पुरे का?

प्रश्न : एम.एस्सी. विद्यार्थी, बडोदा
प्रकल्पासाठी मला ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश ओळखणारा सेंद्रिय संवेदक करायचा आहे; बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरमध्ये ६६० च्या जोडीने हीच तरंगलांबी वापरतात. हाताशी असलेल्या पी३एचटी या पॉलिमरचे शोषण ६५० च्या आसपासच संपते. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की प्रकाशकणाची ऊर्जा मिळते; ९४० ने भागले तर सुमारे १.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. त्याहून कमी बँडगॅपचे (इलेक्ट्रॉनांच्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांतल्या ऊर्जेच्या अंतराचे) पॉलिमर आखले की पुरेसे होईल का?

उत्तर १
शोषणाचा प्रश्न तेवढ्याने सुटेल. साखळीत इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढून घेणारे घटक एकाआड एक गुंफले, की वरची भरलेली पातळी मुख्यतः दात्यावरून आणि खालची रिकामी पातळी ग्राहीवरून ठरते, आणि दोहोंतले अंतर घटते. मात्र हे अंतर कोणत्या टोकाने कमी करायचे, ते आधी ठरवा. भरलेली पातळी फार वर नेली तर पॉलिमर हवेत सहज ऑक्सिडाइज होते. रिकामी पातळी फार खाली आणली तर प्रकाशाने मुक्त झालेला इलेक्ट्रॉन मिश्रणातल्या फुलरीनकडे (इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या कार्बन-रेणूकडे) जाण्याचे कारणच उरत नाही. ग्राही म्हणून डायकीटोपायरोलोपायरोल पाहावे. मोटारींच्या लाल रंगातले रंगद्रव्य याच कुळातले आहे, आणि अंकलेश्वर-वापीच्या पट्ट्यात रंगद्रव्यांचे जाणकार शोधावे लागत नाहीत! मुळात ते जवळजवळ अविद्राव्य असते. नायट्रोजनवर फांदीदार अल्किल साखळ्या जोडल्या, तरच त्याच्या पॉलिमरचा थर द्रावणातून देता येतो. फांदी कण्यापासून (पॉलिमरच्या मुख्य साखळीपासून) थोडी दूर ठेवल्यास साखळ्या एकमेकींजवळ नीट रचल्या जातात.

उत्तर २
वरील सर्व मान्य, परंतु माझ्या मते खरी अडचण डार्क करंटची, म्हणजे अंधारातल्या प्रवाहाची, आहे. सौरघटासाठी उत्तम ठरलेले पॉलिमर संवेदकासाठीही उत्तम ठरेल, असे गृहीत धरू नका, कारण संवेदक बहुधा उलट्या व्होल्टेजवर चालतो आणि अंधारातही वाहणारा प्रवाह त्याच्या मापनात गोंगाट मिसळतो. शॉट नॉइज (विद्युतभार सुटे सुटे वाहिल्याने होणारा गोंगाट) तर या प्रवाहाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. बँडगॅप जितका अरुंद, तितके उष्णतेनेच सुटणारे विद्युतभार अधिक, आणि बँडगॅपमधल्या सापळ्यांमुळे (भार अडकवणाऱ्या ऊर्जापातळ्यांमुळे) त्यांत आणखी भर पडते. म्हणून १.० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत उतरण्याचा मोह टाळून गरजेपुरतेच खाली जावे. इलेक्ट्रोडमधून आत शिरणारे भार रोखणारा थर द्यावा आणि सक्रिय थर जाड करावा, अर्थात त्याने प्रतिसाद काहीसा मंदावतो.

उत्तर ३
एक व्यावहारिक सूचना करतो. असे पॉलिमर बनवण्यासाठी घटक जोडण्याच्या ‘स्टिल’ अभिक्रियेत कथिलाची विषारी संयुगे लागतात आणि पॅलॅडियमचे अवशेष मागे राहतात. हे अवशेष सापळ्यांसारखे वागू शकतात. त्यामुळे सॉक्सलेटने (द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणाऱ्या उपकरणाने) शुद्धीकरण केल्यावाचून डार्क करंटच्या आकड्यावरून रेणूच्या रचनेला दोष देऊ नका.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. बँडगॅप १.२५ च्या आसपास ठेवून, दोन निरनिराळ्या बाजूसाखळ्यांचे नमुने करून, त्यांचा अंधारातला प्रवाह आधी मोजतो.