मदत हवी आहे: फायबर होडीच्या दुरुस्तीचं २२,५०० चं कोटेशन रास्त आहे का, की घरीच करावं? (पैठण)

नाथसागर_काठ

होडी फायबरची, १६ फुटी, मासेमारीची, वल्ह्यांवर चालणारी. सध्या काठावर उलटी टाकलीय. धरण उतरलं की बुडालेल्या गावांची दगडी जोती उघडी पडतात आणि होडी त्यावरनं ओढावी लागते. नुकसान त्यातलंच.

कण्यावर (तळाच्या मधल्या रेषेवर) ७ फूट लांब, ४ इंच रुंद पट्ट्यात जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) पूर्ण गेलाय, मॅटचे (आतल्या काचधाग्यांच्या चादरीचे) धागे दिसायलेत. पुढं, कण्याच्या डाव्या बाजूला १४ इंचांची आरपार चीर आहे. तिथं जाडी ६ मिलीमीटर भरते. वरच्या काठावर केसासारख्या बारीक रेघा आहेत, पण तिथून पाणी येत नाही.

दोन कोटेशनं आलीत. पहिलं २२,५०० चं: रेझिन (मॅट भिजवायचा चिकट द्रव) २० किलो, ४५० ची मॅट ८ किलो, जेलकोट ५ किलो, वर हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट करायला), अ‍ॅसिटोन, डिस्क. साहित्य १०,५०० आणि मजुरी १२,०००. दुसरं तोंडी, ५,५०० मध्ये "भरून, रंगवून देतो".

दुकानात विचारलेले भाव: आयसो (पाण्यात टिकणारं) रेझिन २४० किलो, मॅट १७० किलो, जेलकोट ३५० किलो, हार्डनर-कोबाल्टची जोडी २००, अ‍ॅसिटोन १५० लिटर. फायबरचं काम येणाऱ्या माणसाचा रोज इथं ९०० आहे. ग्राइंडर घरी आहे. पहिला माणूस लुटायलाय का?

मॅटचा_हिशेब

भाऊ, भावात लुटत नाहीये, मापात घोळ आहे. फायबरचं कोटेशन आलं की आधी मॅटचे किलो बघायचे आणि त्याचे चौरस मीटर करायचे. ४५० ची मॅट म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. ८ किलो मॅट म्हणजे जवळपास १८ चौरस मीटर. १६ फुटी होडीचं बाहेरचं अंग ढोबळ ९ चौरस मीटर भरतं. म्हणजे तो अख्ख्या होडीला बाहेरून दोन थर चढवणार आहे! ही दुरुस्ती नाही, नवी कातडी आहे. शिवाय २० किलो रेझिन आणि ८ किलो मॅट मिळून होडी २८ किलोनं जड होणार, आणि वल्ही मारणाऱ्याच्या खांद्याला ते रोज कळणार.

आता तुमच्या नुकसानाचं माप. कण्याचा पट्टा २.१ मीटर. दोन्ही बाजूंनी चांगल्या भागावर चढायला हवा म्हणून रुंदी २५ सेंटिमीटर धरा, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरच्या थोडं वर. तीन थरांना मॅट ७०० ग्रॅम. चिरेला ६ मिलीमीटर जाडी भरून काढायला सहा थर (४५० चा एक थर रेझिनसकट साधारण १ मिलीमीटर बसतो), ते २०० ग्रॅम. आतून दोन थरांचा आधार, दीडशे ग्रॅम. एकूण सव्वा किलोच्या आत, तुम्ही दीड किलो आणा. मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन लागतं आणि वाया जातं ते वेगळं, म्हणून ४ किलो. जेलकोट १ किलोत भागतं.

तुमच्याच भावानं रेझिन ९६०, मॅट २५५, जेलकोट ३५०, जोडी २००, दोन लिटर अ‍ॅसिटोन ३००. डिस्क, ब्रश, लोखंडी रोलर, हातमोजे, मास्क यांना १,५०० धरा. झाले ३,६०० च्या आसपास. दोन माणसं तीन दिवस म्हणजे ५,४००. कारागिराचं येणं-जाणं, हत्यारं आणि नफा धरून ११-१२ हजारांपर्यंत मागितले तर ते रास्त. त्याच्यावर गेला तर थर कुठं आणि किती, हे कागदावर लिहून मागा.

५,५०० वाल्याला एकच प्रश्न विचारा: ग्राइंडिंग किती करणार? "पुट्टी भरतो" म्हणाला तर राहू द्या. पुट्टीत धागा नसतो. होडी पाण्यात थोडी वाकते-सरकते, त्याच रेषेत पुट्टी तडकते आणि दोन महिन्यांत चीर परत उघडते.

चप्पूवाला

उगं एवढं कशाला? डांबर तापवा, वरून पत्र्याची पट्टी ठोका. चालतंय की वर्षभर.

मॅटचा_हिशेब

लाकडी होडीला चालतं हो. फायबरवर डांबर एकदा मुरलं की पुढं रेझिन धरत नाही, सगळं घासून काढावं लागतं. आणि पट्टीच्या प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला नवीन वाट.

वाळूजकर

पैशाचा हिशेब वर बरोबर आहे. घरी जमेल का, ते मात्र चार गोष्टी तपासून ठरवा.

रुपयाच्या नाण्यानं कण्यावर इंच-इंच ठोकत जा. "टण्" वाजलं तर थर घट्ट आहेत. "थप्" असा बोजड आवाज आला तर तिथं थर सुटलेत. खडूनं गोल करा. तो गोल ४ इंचांच्या पट्ट्याबाहेर बराच पसरला तर वरचं माप वाढेल. मग आतल्या आडव्या फळ्या बघा. फायबरखाली लाकूड असेल तर आतल्या बाजूनं ४ मिलीमीटरचं एक भोक पाडा. भुसा कोरडा, फिकट निघाला तर ठीक. काळपट, ओला निघाला तर लाकूड कुजलंय, आणि ते काम कारागिराचंच.

तिसरं, ओल. धागे उघडे पडले की पाणी धाग्याधाग्यानं आत चढतं. पट्टा घासून घेतल्यावर त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपनं बंद करा आणि उन्हात ठेवा. आतून थेंब धरले तर अजून सुकू द्या. ओल्यावर मारलेली मॅट पापडासारखी सुटते. आपल्याकडच्या मेमधल्या उन्हाचा हा एकच फायदा.

चौथं, त्याच उन्हाचा तोटा. ४० अंशांत रेझिन डब्यातच धरतं, म्हणजे घट्ट होतं. पहाटे साडेपाचला सावलीत सुरू करा, नवाच्या आत थांबा. एका वेळी ३०० ग्रॅमच कालवा. हार्डनर १ टक्का, म्हणजे ३०० ग्रॅमला ३ ग्रॅम. बिनसुईच्या सिरिंजनं मोजा. लवकर धरतंय म्हणून १ टक्क्याच्या खाली जाऊ नका, अर्धं कच्चं राहील. २ च्या वर तर नाहीच.

हे मात्र पाठ करा: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच घालायचे नाहीत, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, नीट ढवळून, मग हार्डनर. काही रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, ते घेताना विचारा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्म्याशिवाय झाकण उघडू नका. उरलेलं रेझिन कागदात गुंडाळून टाकू नका, तापून पेट घेतं. पसरट डब्यात उघड्यावर धरू द्या.

काम असं करा. चिरेला आधी आतून: चहूबाजूंनी १० सेंटिमीटर घासा, दोन थर मारा, एक दिवस सोडा. मग बाहेरून ३६ नंबरच्या डिस्कनं चीर उतरती करत न्या, कड उभी ठेवायची नाही. उतार जाडीच्या १२ पट हवा, म्हणजे ६ मिलीमीटरला दोन्ही बाजूंनी ७ सेंटिमीटर. होडीवर ही जागा उथळ ताटलीसारखी दिसली पाहिजे. बहुतेक जण इथंच आळस करतात आणि अरुंद खाच पाडून भरतात. अ‍ॅसिटोननं पुसा, सुकू द्या, मग हात लावू नका. एका बैठकीत तीन थर पुरे. सहाही एकदम टाकले तर तापून पांढरे पडतात, आखडतात. रोलरनं हवा काढा. मॅट नीट भिजली की पारदर्शक दिसते, पांढरा ठिपका राहिला तर तिथं हवा आहे. जेलकोटच्या शेवटच्या हातात मेण घाला, नाहीतर वरचा थर चिकटच राहील.

काठावरच्या रेघा सोडा. पाणी येत नाही तर पुढच्या वर्षी बघा.

नाथसागर_काठ

नाणं वाजवून पाहिलं. पट्ट्याच्या मागच्या टोकाला वीतभर "थप्" येतंय, बाकी टण्. भुसा कोरडा. पहिल्या कारागिराला विचारलं, तर म्हणाला अख्खी होडी धरली होती, कारण "नंतर तक्रार नको". फक्त कणा आणि चीर, तीन थर आणि सहा थर, ग्राइंडिंगसकट असं लिहून दिलं तर ११,८०० म्हणतोय. ग्राइंडिंग आणि सुकवणं मी केलं तर ८,०००.

मॅटचा_हिशेब

वीतभर थप् असेल तर तेवढं घासून सुटलेले थर काढावेच लागतील, अर्धा किलो मॅट आणि सव्वा किलो रेझिन जास्त धरा. ८,००० वाला सौदा चांगला आहे, पण उतार त्याला आधी दाखवा आणि "हे चालेल" हे त्याच्या तोंडून घ्या, म्हणजे पुढं सुटलं तर तुमच्या घासण्यावर ढकलणार नाही. रेझिन आयसोच, डबा समोर उघडायला लावा. काम झालं की होडी सरळ करून टेकूंवर ठेवा, आत वीतभर पाणी भरा आणि तासाभरानं खालून कोरडा कागद फिरवा. पैशाचा शेवटचा हप्ता त्यानंतर.

वाळूजकर

आणि स्वतः मारणार असाल तर पहिल्या दिवशी होडीला हात लावू नका. १०० ग्रॅम कालवून प्लॅस्टिकच्या कपात ठेवा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांच्या आत दह्यासारखं धरलं, तर दुसऱ्या दिवशी अजून अर्धा तास आधी उठा.