चर्चा: उपनगरातल्या नव्या स्मशानभूमीत बाग हवी की शेड पुरे?

नदीकाठ: लंडनच्या गोल्डर्स ग्रीन उपनगरातली दाहभूमी १९०२ साली सुरू झाली. लाल विटांची, उत्तर इटलीच्या धाटणीची इमारत, वास्तुकार अर्नेस्ट जॉर्ज. धुराडं उंच मनोऱ्याच्या पोटातच दडवलंय, त्यामुळे कारखान्याची कळा येत नाही. मागे विल्यम रॉबिन्सननं आखलेली बाग. थडग्यांच्या रांगा नाहीत, राख हिरवळीतच मिसळते. आपल्याकडे मात्र पत्र्याची शेड, लोखंडी सांगाडे, फार तर विद्युतदाहिनी. आलेली माणसं थांबतात पार्किंगमध्ये, दुचाक्यांना टेकून. नव्या स्मशानभूमीच्या आराखड्यातच बाग आणि बसायला सावली हवी.

पेठकर: साफ नामंजूर. अस्थी वेचल्या, आळंदीला सोडल्या, दहाव्याला कावळा शिवला, संपलं. मागे काही उरू नये म्हणूनच तर दहन. बाग केली की बाकांवर नावं येणार, आणि पाठोपाठ नगरसेवकाच्या काकांचा अर्धपुतळा.

वानवडीकर: मागे काही उरू नये? महादजी शिंदे १७९४ साली आमच्या वानवडीत गेले, दहन इथेच झालं आणि त्या जागी छत्री आजही उभी आहे. तुमच्या पेठांना खेटून, ओंकारेश्वराच्या आवारात चिमाजी अप्पांची समाधी आहे. नदीकाठचं ते जुनं स्मशानच की! स्मारकं आपल्याकडेही होतीच, फक्त सरदारांपुरती.

पेठकर: चिमाजी अप्पांनी वसई घेतली. माझ्या मामांनी एलआयसीची पॉलिसी घेतली. फरक आहे.

स्पष्टच_सांगते: बागेचं नंतर बघा. सासऱ्यांना नेलं तेव्हा धो धो पाऊस. शेडच्या पन्हळीतून धार थेट गोवऱ्यांवर, गुरुजी एका हातात छत्री धरून मंत्र म्हणतायत. आता आम्ही बायकाही स्मशानात येतो, पण स्वच्छतागृहाला कुलूप, आणि किल्लीवाला चहाला गेलेला. आधी हे करा, मग लंडनला जा.

नदीकाठ: ताई, मी तेच म्हणतोय. वास्तुकार म्हणजे नुसती नक्षी नव्हे. पन्हळ कुठे सोडायची हेही त्यानंच ठरवायचं असतं. गोल्डर्स ग्रीनला बागेच्या कडेनं लांबलचक ओवऱ्या आहेत. पाऊस असो, ऊन असो, माणसं आडोशाला उभी राहू शकतात. भिंतींवर स्मृतिफलक आहेत, हे खरं.

पेठकर: आले ना फलक! ओवऱ्या खुशाल बांधा, माझी हरकत नाही. बागेला एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार, तेवढं आधी सांगा.