विषय: जुन्या गाडीला रंग काढायचाय, खिसा न फाडता

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या कामाचा मेल नाही, त्याबद्दल आधीच माफी. पण या यादीवर गाड्यांतले दर्दी आहेत हे ठाऊक असल्यामुळे विचारतोय.

माझी चंदेरी सेडान सोळा वर्षांची झाली. इंजिन ठणठणीत आहे, गिअर लोण्यासारखे पडतात, पण वरून तिच्याकडे बघवत नाही. टपावर आणि बॉनेटवर पांढरट चट्टे पडलेत. त्यांच्या कडा उचलल्या गेल्यात आणि नखाने ओढलं की पातळ पापुद्रा निघतो. मुलगी येता-जाता तोच उद्योग करत असते. मागच्या एका चाकाच्या कमानीवर दोन फोडही आलेत.

एका बॉडीशॉपवाल्याने जो आकडा सांगितला, त्यात अशीच दुसरी गाडी येईल. दुसरा त्याच्या पाव पैशांत करतो म्हणाला, तेही दोन दिवसांत. या दोघांतला मला कोण गंडवतोय?

— चंदेरी सेडानवाला

---

उत्तर: जुन्या गाडीला रंग काढायचाय

विकून टाक. आणि विकायच्या आधी रंग तर मुळीच काढू नकोस. जुन्या गाडीवर ताजा रंग दिसला की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "खाली काय झाकलंय?"

— नेहमीचा खोडा घालणारा

---

उत्तर: जुन्या गाडीला रंग काढायचाय

अरे, दोघांपैकी कुणीच गंडवत नाही. दोघं दोन वेगळी कामं सांगतायत आणि दोन्हींना 'पेंट जॉब' म्हणतायत, एवढाच घोळ आहे.

माझी उमेदीची बरीच वर्षं गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये गेली, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाच.

कारखान्यातून गाडी निघते तेव्हा पत्र्यावर चार थर असतात. गंज धरू नये म्हणून विजेच्या प्रवाहाने बसवलेला पहिला, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीपेक्षा थोडंच जास्त. त्यातला क्लिअर 40-50 मायक्रॉनचा. ऊन खाऊन खाऊन हा क्लिअर ठिसूळ होतो आणि खालच्या बेसवरची पकड सोडतो. म्हणून टप, बॉनेट आणि डिकी आधी जातात आणि दरवाजे टिकतात. उभ्या पत्र्याला तेवढं ऊन लागत नाही.

आता मुद्दा. चट्ट्यावर नवा क्लिअर मारून भागत नाही. जिथला क्लिअर अजून दिसायला धड आहे, तोही आतून सुटायच्या बेतात असतो. नवा थर त्या जुन्या पापुद्र्याला धरून बसणार, आणि पापुद्रा उठला की नव्याला घेऊन उठणार. त्यामुळे तो पॅनेल कडेपासून कडेपर्यंत घासावा लागतो. सुटणारा क्लिअर सगळा काढायचा, काठ बोटाला लागणार नाही इतका उतरता करायचा, प्रायमर, पुन्हा घासणं, मग बेस, मग क्लिअर. रंगाचे हात मारायला तासभर पुरतो. त्याच्या आधी माणसाचे दोन-तीन दिवस जातात. महागड्या शॉपने तुला ते दिवस विकलेत. स्वस्तवाला काचा आणि रबरं तशीच ठेवून, भोवती टेप लावून, वरवर एक हात घासून फवारा मारणार. पहिले काही महिने दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. मग रबराच्या कडेने नवा रंग सुटायला लागेल, कारण तिथे पॉलिश पेपर पोचलेलाच नसतो.

तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर घासण्यात वाचवू नकोस, व्याप कमी कर. अख्खी गाडी रंगवायची काय गरज? दरवाजे चांगले आहेत ना? मग टप आणि बॉनेट, दोनच पॅनेल कर. रंग तोच ठेव. रंग बदललास तर दरवाज्यांच्या आतल्या चौकटी, डिकीची आतली बाजू, बॉनेटच्या खालची बाजू, सगळं आलं. ते नाही केलं तर दार उघडताच गाडीचं पितळ उघडं पडतं. शिवाय नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असेल तर ती दुरुस्ती वेगळीच.

शेवटचा परिच्छेद: दुकानदाराला विचार की (आणि उत्तर लिहून घे) काय काय काढून रंगवणार आणि कशाला नुसती टेप लावणार, क्लिअर 'टू-के' आहे का (म्हणजे कडक होण्यासाठी हार्डनर नावाचं रसायन मिसळायचा), आणि हात किती मारणार. आणि सांग की मला घाई नाही. विम्याच्या कामांतून हात मोकळा झाला की जुन्या गाडीला घ्यायला बरेच जण कमी पैशांत तयार होतात.

— रंगवाले काका

---

उत्तर: जुन्या गाडीला रंग काढायचाय

काका, शेवटचा परिच्छेदच नाही, सगळं दोनदा वाचलं. दोन शंका. नुसतं कंपाउंड (घासून चमकवायची पेस्ट) लावून मशीनने पॉलिश केलं तर चट्टे जातील का? आणि जाणार नसतील तर स्प्रेचे डबे आणून मी स्वतःच मारलं तर?

— चंदेरी सेडानवाला

---

उत्तर: जुन्या गाडीला रंग काढायचाय

दादा, काका उत्तर देतीलच, पण डब्यांबद्दल मी बोलते. मी भोगलंय.

आमच्या जुन्या हॅचबॅकचा एक दरवाजा मी डब्याने रंगवला. व्हिडिओ बघितले, रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून उतरवून अगदी त्याच कोडचा रंग मागवला. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळं घासून, पुसून तयार. पहिला हात मारला आणि डोळ्यांदेखत रंग जागोजागी मागे सरकायला लागला. तव्यावर पाण्याचे थेंब पळतात ना, तसा. वाटाण्याएवढी गोल गोल भोकं, आणि प्रत्येक भोकात खालचा प्रायमर दिसतोय. मला वाटलं डबाच खराब. नंतर कळलं की आदल्या दिवशी नवऱ्याने त्याच गॅरेजात टायर चमकवायचा स्प्रे मारला होता. त्यातलं सिलिकॉन हवेत उडून दारावर बसलेलं. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण रंग त्यावर ठरत नाही. सगळं थिनरने काढून पहिल्यापासून केलं. आता रंगाच्या आधी ग्रीस काढायचं द्रावण एका फडक्याने लावते आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसते. एकाच फडक्याने केलं तर तीच घाण इकडची तिकडे होते.

दुसरी चूक, मास्किंगला वर्तमानपत्र लावलं. थिनरने शाई सुटली आणि शेजारच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) उलटी अक्षरं उमटली. तिसरी, हात घाईघाईत मारले. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायला हवं होतं, मी चारच मिनिटांत पुढचा मारला आणि रंगाचे ओघळ आले.

तरी सांगते, दरवाजा शेवटी बरा झाला. पण तो पांढरा होता, साधा. चंदेरीच्या वाटेला मी जाणार नाही. आणि टपाच्या तर नाहीच. एवढ्या पसरट पत्र्यावर डब्याचे पट्टे दिसतातच.

— हॅचबॅकवाली ताई

---

उत्तर: जुन्या गाडीला रंग काढायचाय

ताईंनी माझं निम्मं काम केलं.

पॉलिशने जुना रंग उजळतो तो निव्वळ मळकटलेला, धुरकटलेला असेल तेव्हा. अगदी जुन्या, क्लिअर नसलेल्या गाड्यांचं तर पॉलिशने सोनं होतं. फडक्याला गाडीचा रंग लागला तर समज ती त्या जातीची. तुझ्या गाडीला क्लिअर आहे आणि तो सुटलाय. नाहीशा झालेल्या थराला चमकवणार कसं? उलट मशीनची गोल चकती उचललेल्या काठात अडकली की चट्टा मोठा होतो. दरवाज्यांना मात्र जरूर कर, टप नवा झाल्यावर ते बापुडवाणे दिसतील.

चंदेरी का नको, त्याचं कारण त्यातली अ‍ॅल्युमिनियमची चूर. रंग ओला पडला की ती चूर बुडते आणि छटा गडद होते, कोरडा पडला की वर राहते आणि छटा उजळ. फवाऱ्याच्या गनचं अंतर, हवेचा दाब, हाताचा वेग, सगळं त्या छटेत दिसतं. त्यामुळे कोड तंतोतंत जुळूनही बॉनेट आणि फेंडर वेगळे दिसू शकतात. जाणता रंगारी म्हणून बेस फेंडरवर थोडा विरत नेतो आणि क्लिअर अख्ख्या फेंडरवर मारतो. त्याला 'ब्लेंड' म्हणतात आणि त्याचे जादा पैसे द्यायला कुरकुर करू नकोस. क्लिअर पॅनेलच्या मध्येच संपवतो म्हणणाऱ्याकडे मात्र जाऊ नकोस. ती रेघ पुढेमागे उघडी पडतेच.

आता रागावून सांगायची गोष्ट. डब्यांत साधा वन-के, म्हणजे बिनहार्डनरचा क्लिअर असतो, पेट्रोल सांडलं की तो मऊ पडतो. म्हणून लोक टू-के डबा आणतात, तळाचं बटण दाबून आतला हार्डनर फोडायचा तो. त्या हार्डनरमधली आयसोसायनेट्स नावाची रसायनं फुप्फुसांची वैरी आहेत. एकदा अंगाने त्यांचा धसका घेतला की पुढे जराशा वासानेही दमा उसळतो, आणि तो परत जात नाही. असे कामगार मी पाहिलेत. कापडी मास्क त्याला उपयोगाचा नाही. शॉपमध्ये बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून मारतात, डोळे-कातडी झाकून. घराला जोडलेल्या गॅरेजात तर नकोच, तुझ्या घरात लहान मुलगी आहे.

मग स्वतः काय करायचं? त्या मानाने कमी विषारी, कंटाळवाणं आणि महागडं काम, म्हणजे सुटं करणं आणि घासणं. पण आधी दुकानदाराला विचार. दुसऱ्याने घासलेल्यावर रंग मारून हमी द्यायला बरेच जण राजी नसतात.

फोडांचं विसरू नकोस. फोड म्हणजे खालून आलेला गंज असतो, वरून दिसतो त्यापेक्षा आत जास्त पसरलेला. पातळ फडक्यात गुंडाळून लोहचुंबक कमानीवर फिरव. जिथे धरत नाही तिथे आधीच कुणीतरी पुट्टी भरलीये. पत्र्याला भोक पडलं असेल तर तेवढा कापून नवा वेल्ड करावा लागतो. गंजावर पुट्टी भरणारा भेटला तर नमस्कार करून परत ये, पुट्टी ओल शोषते आणि आतला गंज चालूच राहतो.

— रंगवाले काका

---

उत्तर: जुन्या गाडीला रंग काढायचाय (आटोपलं)

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय.

एक तिसरा दुकानदार भेटला. म्हणाला, घासून आण, मी बघीन, मला पटलं तर रंगवीन. हमी फक्त रंगाची, खालच्याची नाही. कबूल केलं.

वायपर, बॉनेटवरचं चिन्ह, काचेवर पाणी मारणाऱ्या तोट्या, टपाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, सगळं सुटं करून नावं लिहिलेल्या पिशव्यांत भरलं. पट्ट्या काढायचा फायदा असा झाला की टपाचा रंग त्या खाचेतच थांबवता आला, बाजूच्या खांबावर उतरवायची वेळ आली नाही. मग तीन शनिवार-रविवार घासणं. सुटलेला क्लिअर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर मोठा तितका पेपर बारीक), काठ उतरते करायला 320, जिथे पत्रा उघडा पडला तिथे प्रायमर, वर पाणी मारत 600. सपाट ठोकळ्यावर पेपर गुंडाळला होता, नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खाचा पडतात.

दुसऱ्या रविवारी मला वाटलं झालं. हात फिरवला तर काचेसारखं गुळगुळीत. काकांना फोन केला तर म्हणाले, काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा कर आणि पुन्हा घास. केला. वरचं काळं पुसलं गेलं आणि बॉनेटच्या मधोमध तळहाताएवढं काळं बेट तसंच राहिलं. म्हणजे तिथे पोचा होता, सोळा वर्षांत माझ्या नजरेला कधी पडला नव्हता. पुन्हा पुट्टीचा पातळ हात, पुन्हा घासणं.

दुकानदाराने सगळ्यावर बोट फिरवलं, मागच्या कोपऱ्यात एक जागा दाखवून "इथे कंटाळलात" म्हणाला (खरं होतं), आणि गाडी ठेवून घेतली. दोन्ही फेंडरवर ब्लेंड करून, कमानीचा पत्रा वेल्ड करून जे बिल झालं, ते पहिल्याच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

कसं दिसतंय? उन्हात छान. संध्याकाळी दिव्याखाली तिरकं पाहिलं तर टप दरवाज्यांपेक्षा किंचित उजळ वाटतो. बायकोला दिसत नाही, मला दिसतो. बॉनेटच्या क्लिअरमध्ये एक चिलट कायमचं वस्तीला आलंय. दुकानदार म्हणाला महिनाभर वॅक्स लावू नका, मग बारीक पेपरने घासून ते काढून देतो. मुलगी म्हणते राहू दे. तिला ओढायला आता पापुद्रा उरला नाही, म्हणून ती रोज चिलट बघते.

320 आणि 600 चे बरेच पॉलिश पेपर उरलेत, घासायचा ठोकळाही आहे. कुणाला हवे असतील तर कळवा. बॉनेटच्या एका तोटीची खालची क्लिप हरवलीये, नावं लिहिलेल्या पिशव्या असूनही. कुणाकडे जादा असेल तर तेही कळवा.

— चंदेरी सेडानवाला