तीन जुन्या गाड्या ठेवाव्यात की एकच धरून तिचं सगळं नीट करावं?

चोक_ओढा:
नमस्कार मंडळी, बरेच महिने डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकतो. माझ्याकडे तीन जुन्या गाड्या आहेत, १९६८ची फोक्सवॅगन बीटल, १९७२ची ब्रिटिश एमजीबी आणि एक डब्ल्यू१२३ मॉडेलची मर्सिडीज, २४० डिझेल. बीटल मस्त चालते. मर्सिडीजही चालते पण तिच्याकडे म्हणावं तसं लक्ष देणं होत नाही. आणि एमजीबी स्टँडवर चढवलेली आहे, इंजिन बाहेर, दाराखालचा पत्रा (सिल) दोन्ही बाजूंनी कापून नवा जोडायचाय.

जागा आहे, पैशाचंही जमतंय, त्यामुळे ते दोन मुद्दे कृपया बाजूला ठेवा. अडचण वेगळीच आहे. सुट्टीच्या दिवशी गॅरेजात शिरलो की मर्सिडीजची बॅटरी चार्जिंगला लाव, बीटलला एक चक्कर मारून आण, कुणाच्या तरी टायरमध्ये हवा भर, खाली तेलाचा नवा डाग दिसला तर तो कुठून आला ते शोध, असं करता करता एमजीबीच्या पत्र्याला हात लावायची वेळ येते तेव्हा उजेड गेलेला असतो. दुसरीकडे दोन काढून टाकायच्या म्हटलं तर कुठल्या काढू तेच सुचत नाही, कारण तिघींचा स्वभाव पार वेगळा आहे, एक मागे इंजिन असलेली आणि हवेवर थंड होणारी, एक उघडी टू सीटर, एक दिवसभर न थकता धावणारी डिझेल. एकीत जी मजा आहे ती दुसरीत मिळतच नाही.

ज्यांनी अनेक ठेवल्यात आणि ज्यांनी वर्षानुवर्षं एकच ठेवलीय, दोघांचंही ऐकायचंय.

टॅपेटवाला:
चांगला प्रश्न काढलात. माझं मत आधीच सांगतो, चालत्या दोनच्या वर एका माणसाने ठेवू नयेत, अर्थात सगळी कामं स्वतः करणार असाल तर.

कारण असं आहे की जुन्या गाडीची कामं दोन प्रकारची असतात. काही किलोमीटरवर निघतात. बीटलचे टॅपेट (इंजिनच्या झडपांमधल्या फटी) घ्या, दर ५,००० किमीला इंजिन पूर्ण गार असताना ०.१५ मिमीचा गेज लावून बघायचे, त्याच वेळी अडीच लिटर ऑइल बदलायचं आणि खालची जाळी धुवायची, कारण तिला ऑइल फिल्टरच नाही. आता तुम्ही एका गाडीने ५,००० किमी फिरा नाहीतर तीन गाड्यांत वाटून फिरा, ही कामं साधारण तेवढीच राहतात, वाटली जातात. पण दुसऱ्या प्रकारची कामं कॅलेंडरवर चालतात आणि ती गाड्यांच्या संख्येने गुणली जातात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, गाडी हलो वा न हलो, दोन वर्षांनी बदलायलाच हवं, नाहीतर चाकांजवळचे ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर आतून गंजून धरतात. एमजीबीचा क्लचही हायड्रॉलिक, ऑइलच्या दाबावर चालणारा, म्हणजे तिथे अजून एक मास्टर आणि एक स्लेव्ह सिलिंडर आले. कूलंट बदलणं आलं, बीटल सोडून. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं, बाजूला शेवटचे चार आकडे असतात ते आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१५ असेल तर २०१५ सालचा तेविसावा आठवडा, ते एकदा तिन्ही गाड्यांचे बघा, स्टेपनीसकट. आणि बॅटऱ्या! ७२ची एमजीबी असेल तर सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन असतील बहुतेक, म्हणजे तीन गाड्यांना चार बॅटऱ्या झाल्या.

आणि एक विनंती, उभ्या गाडीला "जरा पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो" हे करत असाल तर बंद करा. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, ते इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तरच वाफ होऊन निघून जातं, नाहीतर ऑइलमध्ये उतरतं आणि सायलेन्सर आतून सडवतं. एक तर अर्धा तास रस्त्यावर पळवा, नाहीतर हातच लावू नका.

ग्रीसनिप्पल:
टॅपेटवाले दादा, गणित पटलं पण निष्कर्ष नाही पटला.

माझ्याकडे बरीच वर्षं एकाहून जास्त गाड्या आहेत आणि मला तेच बरं वाटतं. एकच गाडी असली आणि ती उघडली की संपलं, एखादं सील किंवा बेअरिंग यायला दोन महिने लागतात आणि तेवढे दिवस तुम्ही नुसते सांगाड्याकडे बघत बसता. तिथेच बरेच जण खचतात. अर्ध्यावर सोडलेल्या ज्या गाड्या विकायला येतात त्यांच्या मालकांशी बोलून बघा, बहुतेकांकडे चालती दुसरी जुनी गाडी नसते, आणि नुसतं काम करत राहायचं, चालवायचं कधीच नाही, हे माणसाला जास्त दिवस जमत नाही. दुसरी गाडी चालू असली की संध्याकाळी एक फेरी मारून येता येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाना हातात घ्यावासा वाटतो. मला तर कित्येकदा एका गाडीचं दुखणं दुसरी चालवताना कळलंय, उदा. स्टिअरिंग इतकं जड असायला नको हे दुसरीचं हलकं स्टिअरिंग हातात आलं तेव्हा समजलं, मग बघितलं तर ग्रीस जात होतं एकीकडे आणि सांधा कोरडाच.

पण एक नियम मी कधी मोडत नाही, एका वेळी एकच गाडी उघडायची. बाकीच्या चालत्या तरी हव्यात नाहीतर नीट झोपवलेल्या तरी. झोपवलेल्या म्हणजे टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे, बॅटरी काढून, स्टँडवर, क्लच पेडल लाकडाने दाबून धरलेलं म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही. चालतीही नाही आणि झोपवलेलीही नाही अशी मधलीच अवस्था गाडी खाते. चोक_ओढा, तुमची मर्सिडीज सध्या त्या मधल्या अवस्थेत आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

जुना_पाना:
+१ ग्रीसनिप्पल ताई, मधल्या अवस्थेचं अगदी खरं आहे. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरतं आणि काही महिन्यांनी पाणी-इथेनॉल खाली बसतं, जुने रबरी पाइप मऊ होतात ते वेगळंच. कार्ब्युरेटरचे जेट तुंबायला एक पावसाळी हंगाम पुरतो.

माझा मुद्दा मात्र वेगळा आहे. किती गाड्या यापेक्षा किती *जातीच्या* गाड्या हे बघा. तुमच्या तिघी तीन जातींच्या आहेत. बीटल आणि मर्सिडीजला मिमीचे पाने, एमजीबीला इंचाचे, आणि तिथे घाईत १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटवर बसतो सुद्धा, फक्त तो ०.३ मिमी सैल असतो आणि नट घट्ट असला की कोपरे गोल करून टाकतो. याहून जुन्या ब्रिटिश गाडीकडे गेलात तर व्हिटवर्थ हे जुनं ब्रिटिश माप, तिथे पान्यावरचा आकडा नटच्या डोक्याचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. एमजी टीडीचं एक्सपीएजी इंजिन तर त्यावर कडी, आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थची! कारण मॉरिसने जो इंजिन कारखाना विकत घेतला होता तो मूळचा फ्रेंच हॉचकिस कंपनीचा, यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी आणि मेकॅनिक लोकांकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून असा तोडगा काढला. नुसतं हार्डवेअरच्या दुकानातून "दिसायला तसाच" बोल्ट आणून पिळला की ब्लॉकमधले आटे गेले.

तेलांचंही तसंच. फ्रेंच सिट्रोएन डीएस बघा, आधीच्या गाड्यांत लाल हायड्रॉलिक ऑइल आणि नंतरच्यांत हिरवं एलएचएम, एकाच मॉडेलमध्ये दोन, आणि चुकून एकाचं दुसरीत ओतलं तर ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळ्यांची सील फुगून कामातून जातात. अशा चार जातीच्या गाड्या ठेवल्या की प्रत्येक वेळी डोक्यात पुस्तक बदलावं लागतं आणि वेळ तिथे जातो. त्याऐवजी एका घराण्यातल्या दोन ठेवा, बीटल आणि कारमन घिया, किंवा बीटल आणि जुनी व्हॅन. तेच इंजिन, तेच पाने, तेच गॅस्केट सेट, आणि एकीवर शिकलेलं दुसरीवर लगेच कामी येतं.

एकच_गाडी:
मी बरीच वर्षं एकच मॉरिस मायनर सांभाळतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

एकच गाडी असली की तिचा आवाज कानात बसतो. कुठल्या गिअरला किती गुणगुण, उतारावर पाय काढला की सायलेन्सर कसा फुटफुटतो, हे ठरलेलं असतं, त्यात तिळाएवढा फरक पडला तरी कळतं. मायनरच्या पुढच्या चाकाला जो ट्रनिअन (चाक ज्यावर वळतं तो आट्यांचा सांधा) असतो त्याला नियमित ग्रीस नाही दिलं तर आतले आटे झिजतात आणि एक दिवस वळताना चाक निसटून गाडी रस्त्यावर बसते. ते झिजायला लागलं की आधी जाणवतं, पण ज्याच्या हातात रोज तेच स्टिअरिंग आहे त्यालाच. महिन्यातून एकदा ती गाडी काढणाऱ्याला वाटतं ही अशीच चालत असेल. म्हणजे माझ्या मते हा हौसेपेक्षा सेफ्टीचा प्रश्न जास्त आहे, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही.

अर्व्ह गॉर्डन नावाचे एक अमेरिकन शिक्षक होते, १९६६ साली त्यांनी नवी व्होल्व्हो पी१८०० घेतली आणि तीच चालवत राहिले, २०१३ मध्ये तिचे ३० लाख मैल पूर्ण झाले. एका माणसाकडे एकच गाडी असली की काय होऊ शकतं ते यात आलं. उलट टोकाला फ्रान्समधले श्लुम्फ बंधू, कापड गिरणीत शेकडो गाड्या जमवल्या, जगात फक्त सहा उरलेल्या बुगाटी रॉयालपैकी दोन त्यांच्याकडे, १९७७ मध्ये कामगारांनी आत घुसून बघितलं तेव्हा लोकांना कळलं काय काय दडलंय. आज त्याचं म्युझियम आहे आणि ते चांगलंच झालं, पण ते संग्रह करणं झालं. गाडी वापरणं वेगळं.

चोक_ओढा:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. टायरचे आकडे लगेच जाऊन बघितले, मर्सिडीजचे बदलायलाच हवेत. कॅलेंडरचा मुद्दा पटला, आणि मधल्या अवस्थेचा तर फारच. एमजीबी उघडलेली आहे म्हणून तीच आधी विकावी असं घरच्यांचं म्हणणं आहे, तुम्हाला काय वाटतं?

ग्रीसनिप्पल:
मी नाही विकणार. सुट्या भागांत असलेली गाडी विकली की घेणाऱ्याला काय कुठे बसतं ते माहीत नसतं, अर्ध्या वस्तू हरवतात आणि बऱ्याचदा ती पुन्हा कधीच उभी राहत नाही. शिवाय एमजीबी ही परत जोडायला त्यातल्या त्यात सोपी, पत्र्याचा जवळजवळ प्रत्येक तुकडा आजही नवीन मिळतो, अख्खी बॉडी सुद्धा १९८८ पासून पत्रा दाबायच्या जुन्याच साच्यांवर पुन्हा बनायला लागली. तुम्ही उघडलीय, तुम्हीच जोडा. पत्रा कापण्याआधी दारं बसवून दाराच्या फटी सगळीकडून मोजून ठेवा आणि आत आडवी पट्टी वेल्ड करून घ्या, उघडी गाडी आहे, छपराचा आधार नाही, सिल कापल्यावर मधूनच वाकते आणि मग दार बंदच होत नाही.

टॅपेटवाला:
ताईंशी सहमत, माझं दोनचं गणितही त्यात बसतं. जायची असेल तर मर्सिडीज जाऊ दे. वाईट गाडी आहे म्हणून नाही, उलट. ती रोज चालवायची गाडी आहे, तिला रोज तापायला आवडतं. त्या डिझेलमध्ये इंजिन बंद करणं, दारांचं लॉकिंग, सगळं व्हॅक्युमवर (हवा ओढून तयार होणाऱ्या पोकळीवर) चालतं, आणि उभी राहिली की त्यातले बारीक रबरी डायफ्राम (पडदे) कडक होऊन चिरतात. मग किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतं आणि बॉनेट उघडून स्टॉप लिव्हर दाबावा लागतो. डिझेलच्या टाकीत पाणी साचलं की त्यात जिवाणू वाढून फिल्टर तुंबतात ते आणखी. रोज कामावर नेणारा कुणी मिळाला तर तिचं भलं होईल.

चोक_ओढा:
मनात तेच येत होतं, कुणीतरी स्पष्ट सांगायची वाट बघत होतो बहुतेक. लांबच्या प्रवासाची गाडी गेली याचं वाईट वाटणार आहे, खोटं कशाला बोलू. पण ठरलं, बीटल चालती ठेवायची, एमजीबी पूर्ण करायची, मर्सिडीज रोज वापरणाऱ्याला द्यायची. विकण्याआधी व्हॅक्युमचे पाइप आणि टायर मीच बदलून देईन.

जुना_पाना:
उत्तम. पाइप बदलताना रंग बघून जसेच्या तसे बसवा, त्या गाडीत कुठला पाइप कशाचा ते रंगीत पट्टीवरून ठरतं आणि आधीच्या कुणी काळा साधा पाइप घातला असेल तर नवीन मालक गोंधळतो. काढलेल्या जुन्या वस्तू, कागदपत्रं आणि सर्व्हिसची वही गाडीबरोबरच द्या. आणि एमजीबीचे दाराच्या फटींचे आकडे मोजून झाले की इथे टाका, पट्टी कुठे वेल्ड करायची ते फोटो बघून सांगतो.