‘४ ने किंवा ६ ने विभाज्य’ हे मुलीला कसे समजवावे? सल्ला हवा

धागाकर्ता (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ):
माझी मुलगी दहावीत आहे. गणित भाग १ मधील संभाव्यतेच्या प्रकरणात नमुना अवकाश व घटना लिहिणे तिला जमते. मात्र ‘१ ते १०० संख्यांच्या चिठ्ठ्यांतून एक चिठ्ठी न पाहता काढली, तर तिच्यावरील संख्या ४ ने किंवा ६ ने विभाज्य असण्याची संभाव्यता किती?’ येथे ती अडते. ४ च्या पटीतील २५ आणि ६ च्या पटीतील १६ यांची बेरीज करून ती ४१/१०० लिहिते. दोनदा मोजलेल्या संख्या वजा कर, असे मी सांगितले, तर ४ गुणिले ६ म्हणून तिने २४ च्या पटीतील ४ संख्या वजा करून ३७ आणले. उत्तर ३३/१०० आहे. गावात शिकवणी नाही आणि मी कला शाखेचा. सूत्र पाठ करून घ्यावे काय?

प्रतिसाद १ (निवृत्त शिक्षक):
सूत्र तूर्त बाजूला ठेवावे. सारवलेल्या अंगणात रांगोळीने शंभर घरे आखून अंक घाला. ४ च्या पटीतील घरात तुरीचा आणि ६ च्या पटीतील घरात हरभऱ्याचा दाणा ठेवायला सांगा. दाणे ४१ लागतील, पण भरलेली घरे ३३ च असतील, कारण १२, २४, ३६ पासून ९६ पर्यंत आठ घरांत दोन-दोन दाणे येतात. चिठ्ठी काढताना आपण घर निवडतो, दाणा नव्हे. ती आठही घरे १२ च्या पटीतील आहेत, म्हणजे येथे गुणाकार नव्हे, लसावि घ्यायचा. ३ आणि ५ यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसल्याने तेथे गुणाकार हाच लसावि ठरतो, आणि चुकीची सवय बहुधा तशाच उदाहरणांतून लागते. (कोंबड्या आधी कोंडाव्यात.)

प्रतिसाद २:
वरील उपाय उत्तम आहे, तथापि परीक्षेत अंगण मिळत नाही. १०० ला ४, ६ आणि १२ ने भागून बाकी सोडून द्यावी: २५, १६ आणि ८. मात्र संख्या १ पासून सुरू होत नसतील तर सावध राहावे. दोन अंकी संख्या ९० आहेत, पण ९० ला १२ ने भागून ७ धरल्यास उत्तर चुकते. ९९ पर्यंतच्या पटींतून ९ पर्यंतच्या वजा कराव्यात: २४ − २ = २२, १६ − १ = १५, ८ − ० = ८; म्हणून २९/९०.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काल सायंकाळी घरे मांडली. दोन दाण्यांची घरे सातच भरली, तेव्हा मीच गोंधळलो. ९६ च्या घरातील हरभरा कोंबडीने टिपला होता. मुलीने ३६ वर बोट ठेवले आणि म्हणाली, “बाबा, हे तर २४ ने जातच नाही.” दोन अंकी संख्यांचे उदाहरण तिला तुमचे उत्तर न दाखवता दिले. आधी ३०/९० आले. मग तिने तीच घरे १० पासून पुन्हा मोजली आणि स्वतःच खोडून २९ केले.